मागच्या सीटवरून नागपूर

शरणापूर फाट्यावर तो टेम्पो कुठून आला, हे धम्मपालला कळलंच नाही. रस्ता मोकळा होता. समोर देवगिरीचा डोंगर स्वच्छ दिसत होता, चांदमिनार दिसत होता, आणि डाव्या हाताला काही म्हणजे काही नव्हतं. मग एकदम कानाशी ब्रेक किंचाळले, हँडलला काहीतरी घासून गेलं आणि सायकल रस्ता सोडून मुरुमात उतरली. पडता पडता त्यानं कसाबसा पाय टेकवला.

टेम्पोवाल्यानं खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "ओ चाचा! अंधे हो क्या? इत्ती बडी गाडी नै दिखती?"

धम्मपालनं हात वर करून माफी मागितली. टेम्पो शिव्या घालत निघून गेला. पुढं गेलेला कडुबा ठोंबरे थांबून मागं बघत होता.

"काय झालं रं?"

"काय नाय. माजलेत हे टेम्पोवाले."

तो पुन्हा सीटवर बसला. नेहमीसारखा घाट चढायला लागला, पण त्याचं ध्यान चढात नव्हतं. कागजीपुऱ्याच्या अलीकडं त्यानं डावा हात हँडलवरून काढला, सरळ बाजूला पसरवला आणि मान न वळवता समोर बघत राहिला. हात त्याला दिसेना. त्यानं बोटं हलवली. बोटंही दिसेनात. हात हळूहळू पुढं आणत आणत जवळजवळ हँडलपाशी आणला, तेव्हा कुठं अंगठा दिसला. त्यानं हात पुन्हा हँडलवर ठेवला आणि कुणाला काही बोलला नाही.

धम्मपाल मगरे तेव्हा चोपन्न वर्षांचा होता आणि त्यातली पंचेचाळीस वर्षं त्यानं सायकलवर काढली होती. त्याचे वडील सर्जेराव छावणीतल्या बंगल्यांवर माळीकाम करायचे. भावसिंगपुऱ्यातल्या घरासमोर त्यांची उंच काळी सायकल उभी असायची. पोरगा आधी ती नुसती हातानं ढकलत फिरला, मग दांडीखालून पाय घालून हाफ पायडल मारायला शिकला, आणि पाय पुरायच्या आतच सीटवर चढून बसला. गुडघ्याच्या खपल्या कधी सुकल्याच नाहीत. आई गोजरबाई म्हणायची, "ह्याला पाय कशाला दिलेत, चाकंच द्यायची व्हती."

त्याच वयात, दसऱ्याच्या आधी, गोजरबाई त्याला घेऊन वस्तीतल्या लोकांबरोबर ट्रकनं नागपूरला निघाली. दीक्षाभूमीला. ट्रकच्या फळीला धरून उभं राहिलेल्या धम्मपालला वाटेत दोन तरुण पोरं दिसली. भर उन्हात, रस्त्याकडेला, सायकलला निळा झेंडा बांधलेला, आणि एकजण चाकाची हवा तपासत होता. ट्रकमधून लोकांनी जयभीमचा गजर केला, त्या पोरांनी हात हलवला, आणि ट्रक पुढं निघून गेला. पुढं दीक्षाभूमीवर त्यानं काय काय पाहिलं ते त्याला फारसं आठवत नाही. ती पोरं मात्र लख्ख आठवतात. मोठं झालं की आपण असंच यायचं, हे त्यानं फळीवर हात ठेवूनच ठरवून टाकलं.

ते काही झालं नाही. वाळूजच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या टूलरूमला नोकरी लागली, सुलेखाशी लग्न झालं, एक मुलगी झाली, तिचं शिक्षण, तिचं लग्न. दर दसऱ्याला काहीतरी आडवं यायचं. कधी शिफ्ट, कधी आजारपण, कधी नुसतंच धाडस व्हायचं नाही. पण सायकल सुटली नाही. कामावर सायकलनंच जायचा. वर्षाला एक नेम धरायचा आणि तो पुरा करायचा. एका वर्षी वेरूळला जाऊन पहिल्या शिफ्टच्या आत परत. एका वर्षी पाय न टेकवता पैठण. एका वर्षी अजिंठा, एका वर्षी लोणार. ना कुठलं पदक, ना पेपरात नाव. सुलेखा अंगणवाडीत होती. ती शेजारणींना सांगायची, "आमच्या ह्यांची सवत सायकलच हाय, आन् ती घरातच राहती."

कडुबा त्याला भेटला पडेगावच्या चढावर. धम्मपाल नवी सायकल घेऊन ऐटीत चालला होता आणि मागून दुधाच्या दोन भरल्या किटल्या लटकवलेला एक दांडगा पोरगा त्याला ओलांडून गेला. मागं वळून हसलाही. मिटमिट्याच्या ठोंबऱ्यांचा कडुबा, रोज पहाटे छावणीत दूध घालायचा. पुढच्या रविवारी धम्मपाल मुद्दाम त्याच वेळी त्याच चढावर थांबला. तेव्हापासून दोघांचा रविवार ठरून गेला: छावणी, दौलताबाद, घाट चढून खुलताबाद आणि परत. चढाला धम्मपाल पुढं, उताराला कडुबा. कडुबा उतारावर ब्रेकला हात म्हणून लावायचा नाही. पंचवीस वर्षं दोघं एकमेकांना हरवत राहिले. बोलणं जेवढ्यास तेवढं. चहा टपरीवर. एकमेकांच्या घरी जेवायला मात्र कधी गेले नव्हते, आणि त्याबद्दल कधी बोललेही नव्हते.

टेम्पोनंतरच्या आठवड्यात धम्मपाल रजा टाकून एकटाच डोळ्यांच्या दवाखान्यात गेला. घरी सांगितलं, चष्म्याचा नंबर बदललाय.

तिथं एका मोठ्या पांढऱ्या वाटीसारख्या यंत्रात तोंड घालून बसायचं होतं. मशीनवर मोनिका नावाची मुलगी होती. तिनं त्याची हनुवटी टेकवली, हातात बटण दिलं. "काका, मधल्या पिवळ्या ठिपक्याकडंच बघायचं. आजूबाजूला बारीक बारीक लाइट लागतील. दिसला की दाबायचं. नजर हलवायची नाही."

सुरुवातीला दिवे दिसले. मधे एक, थोडा वर एक. त्यानं दाबलं. मग बराच वेळ काहीच नाही. पांढरं, नुसतं पांढरं. पण यंत्र थांबलेलं नव्हतं. आतून बारीक टिक् असा आवाज येत होता. पुन्हा टिक्. टूलरूममध्ये आयुष्य गेलेल्या माणसाला यंत्राचा आवाज काय सांगतो ते समजायला वेळ लागला नाही. दर टिक्‌ला कुठंतरी दिवा लागत होता आणि त्याला तो दिसत नव्हता. पुढची टिक् आली आणि त्यानं बटण दाबलं. पुन्हा टिक्, पुन्हा दाबलं.

"काका," मोनिका हळूच म्हणाली, "अंदाजानं दाबू नका. मशीनला कळतं."

डॉक्टरांनी कागदावरचे काळे डाग दाखवले. काचबिंदू. दोन्ही डोळ्यांना, डाव्याला जास्त. कडेची नजर गेली होती, मधली शाबूत होती. गेलेलं परत येणार नाही, थेंब नेमानं घातले तर राहिलेलं टिकेल.

"गाडी चालवता?"

"सायकल."

"बंद करा. आजपासून."

धम्मपालनं मान हलवली. थेंबांची बाटली घेऊन तो बाहेर आला, स्टँडवरची सायकल काढली आणि सायकलवरच घरी गेला.

थेंब त्यानं एकदाही चुकवले नाहीत. सुलेखाला सांगितलं, डोळे कोरडे पडतात म्हणून आहेत. आणि सायकल चालवतच राहिला. आता तो मान सारखी डावी-उजवीकडं फिरवत चालवायचा. गर्दीत उतरून हातात धरायचा. कडुबाच्या मागोमाग राहायचा, त्याच्या चाकावर नजर ठेवून. मधलं तर सगळं दिसतंय, मान वळवली की बाजूचंही दिसतंय, मग काय बिघडलं? असं तो स्वतःला समजावायचा. पण प्रत्येक रविवारी घरी पोचल्यावर त्याचे खांदे आखडलेले असायचे. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. काही झालं नाही. आणि काही झालं नाही, हेच त्याला पुरावा म्हणून पुरलं.

सीताफळाच्या दिवसांत दौलताबादच्या रस्त्याला दोन्ही बाजूंनी टोपल्या मांडून बाया बसतात. घाट उतरून ते खाली येत होते. कडुबा नेहमीसारखा सुसाट पुढं गेलेला. वळण संपलं, रस्ता सरळ झाला, आणि धम्मपालनं उजवीकडं मान वळवून एक बस बघितली. बस गेली. त्यानं मान सरळ केली. त्याच्या डावीकडं टोपली उचलून एक बाई उठत होती. ती त्याच्यासाठी तिथं नव्हतीच.

धडक बसली ती कशाला, हे त्याला खाली पडल्यावर कळलं. रस्ताभर सीताफळं फुटून पसरली होती आणि ती टोपलीवाली म्हातारी उजवा हात छातीशी धरून ओरडत होती. "माय गं! हात गेला माझा, हात गेला!"

माणसं धावली. कुणीतरी त्याला कॉलर धरून उभं केलं. "डोळं फुटलं का तुझं?" खाली गेलेला कडुबा सायकल टाकून पळत वर आला, त्यानं गर्दी बाजूला सारली, रिक्षा थांबवली, म्हातारीला उचलून आत बसवलं. "धम्मा, तू बी बस. चल."

दवाखान्याच्या व्हरांड्यात दोघं बाकावर बसले. आत त्या म्हातारीच्या, लीलाबाईच्या, मनगटाला प्लास्टर चढत होतं.

"ती बाई कडंलाच व्हती," कडुबा म्हणाला. "म्या उतरताना लांबून बघितली. तुला कशी नाय दिसली?"

धम्मपाल समोरच्या भिंतीकडं बघत होता. कडुबानं हात उचलून धम्मपालच्या डाव्या कानापाशी बोटं नाचवली.

"किती बोटं?"

"कसली बोटं?"

कडुबाचा हात तसाच हवेत राहिला. "कवापासून?" त्यानं विचारलं.

त्या दिवशी सुलेखाला सगळं सांगावं लागलं. ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं थेंबांची बाटली आणून त्याच्यासमोर ठेवली.

"मी रोज माझ्या हातानं तुमच्या डोळ्यात हे घातलंय," ती म्हणाली. "रोज. आन् तुम्ही मला कोरडेपणा सांगितला."

"तू सायकल बंद केली असतीस."

"व्हय, केली असती! आज त्या बाईचा हात हाय. डोकं असतं मंग? लेकरू असतं मंग?" ती दारात उभ्या असलेल्या कडुबाकडं वळली. "भाऊजी, ही सायकल घेऊन जा. तुमच्या गोठ्यात टाका, नायतर भंगारात घाला. मला परत दिसाय नको."

कडुबानं धम्मपालकडं बघितलं. धम्मपालनं मान खाली घातली. सायकल गेली.

कारखान्यात त्यानं साहेबांना खरं सांगितलं. त्याला मशीनवरून काढून तपासणीच्या टेबलावर बसवलं. तो कंपनीच्या बसनं जाऊ-येऊ लागला. आणि दर रविवारी, दुसऱ्या बसनं, दौलताबादला लीलाबाईकडं. तिचा उजवा हात गळ्यात होता. सीताफळं संपून पेरू आले होते, आणि तिला तराजू धरता येत नव्हता. तो तिच्याशेजारी पोत्यावर बसून पेरू तोलायचा, पिशव्या भरायचा. पहिले दोन रविवार ती त्याच्याशी बोललीच नाही. तिसऱ्याला एकदम म्हणाली, "दिसत नव्हतं तर आलास कामून सायकलवर?"

"वाटलं, जमून जाईल."

"तुझ्या वाटण्यात माझा हात गेला."

एवढंच. पुन्हा तो विषय तिनं काढला नाही. पण पेरू तोलताना, बसमध्ये, जेवताना, ते वाक्य धम्मपालच्या कानात बसून राहिलं. समोरून रविवारचे सायकलवाले हेल्मेट घालून घाटाकडं जायचे. तो त्यांच्या चाकांचा आवाज ऐकायचा आणि मान वळवायचा नाही.

होळी झाल्यावर एका दुपारी दारात पिकअप उभी राहिली. कडुबानं मागचं फाळकं पाडलं आणि एक लांबलचक, विचित्र सायकल खाली उतरवली. दोन सिटा, दोन हँडल, चार पायडलं.

धम्मपाल जवळ गेला. मागच्या नळीवर हात ठेवला आणि थबकला. रंग ओळखीचा होता, पोचा ओळखीचा होता. "ही माझी सायकल हाय."

"व्हय."

"तू कापली?"

"दोघांची बी कापली. तुझी मागं, माझी म्होरं. पडेगावच्या वेल्डिंगवाल्याकडनं जोडून घेतली."

धम्मपालचा चेहरा लाल झाला. "कुणाला विचारून? माझी सायकल, कडुबा! इचारायचं तरी!"

"इचारलं असतं तर नाय म्हनला असतास. आन् नुसती लटकवून काय करायचं व्हतं तिचं? पूजा?" कडुबाही चिडला. "पंचवीस वर्षं घाटात माझ्या कानाशी नागपूर, नागपूर. कान किटले माझे. औंदा जायचं का नाय, तेवढं बोल."

सुलेखा दारात येऊन उभी होती. तिच्याकडं बघायची धम्मपालची हिंमत झाली नाही. तो खाली बसला आणि जोडांवरून बोट फिरवू लागला. बराच वेळ फिरवत राहिला. मग म्हणाला, "हा खालचा जोड घाटात सुटंल. इथं आडवी नळी पाहिजे. आन् मला ब्रेक पाहिजे."

"मागच्याला ब्रेक कशाला? दिसत तर नाय तुला."

"तू उतारावर कसा जातोस, ते मला दिसलंय. मागचा ब्रेक माझ्या हातात. नायतर मी बसत नाय."

सुलेखानं आतून पाण्याचा तांब्या आणला. कडुबाच्या हातात देताना म्हणाली, "उजेड हाय तवर चालवायची. दिवस मावळायच्या आत मुक्काम. आन् ह्यांनी काय लपवलं तर तुम्ही मला सांगायचं, तुम्ही लपवलं तर ह्यांनी." मग म्हणाली, "जेवून जा आज." कडुबा जेवून गेला.

पण मागं बसणं म्हणजे काय, हे धम्मपालला पहिल्याच उतारावर समजलं. समोर फक्त कडुबाची पाठ, घामानं भिजलेला शर्ट. हातातलं हँडल वळत नव्हतं, ते नुसतं धरायला होतं. तरी त्याचे हात वळवायला बघायचे आणि सायकल गचके खायची. "हलू नको!" कडुबा ओरडायचा. "तू वळू नको, मी वळवतो!" वारा कानात घुसायला लागला की धम्मपालची बोटं आपोआप ब्रेक आवळायची, मागचं चाक घसटायचं, आणि कडुबा शिव्या द्यायचा. दोनदा ते पडले. एकदा कडुबा सायकल तिथंच रस्त्यात सोडून पायी निघाला आणि कागजीपुऱ्यापर्यंत जाऊन परत आला. शेवटी ठरलं, की कडुबानं दिसेल ते बोलायचं. "खड्डा." "उजवं वळण." "म्हैस." "मोकळं हाय." त्याच्या शब्दांवर धम्मपालचं अंग हळूहळू झुकायला शिकलं. भीती गेली नाही. तिच्यासकट बसायची सवय झाली.

दसऱ्याच्या आधी, चार दिवस हाताशी ठेवून, ते निघाले. मागच्या कॅरिअरवर निळा झेंडा, आणि सुलेखानं बांधून दिलेल्या दशम्या. जालना मागं पडलं, सिंदखेडराजाला पहिला मुक्काम झाला. समृद्धी महामार्गावर सायकलीला जागा नाही, म्हणून जुनाच रस्ता. दुसऱ्या दिवशी परतीच्या पावसानं गाठलं. मेहकरच्या अलीकडं ट्रकांची रांग लागली होती, ती चुकवायला कडुबानं आतला रस्ता धरला. पाऊस थांबला होता, पण आभाळ काळं होतं.

एका उतारावर कडुबाचं बोलणं थांबलं.

"काय हाय पुढं?" धम्मपालनं विचारलं.

"काय नाय. ओढा. पुलावर थोडं पानी हाय."

धम्मपालला पाणी दिसत नव्हतं, पण ऐकू येत होतं. ते थोडं नव्हतं. जड, गढूळ आवाज होता, दगड लोटत नेल्यासारखा. सायकलचा वेग कमी होण्याऐवजी वाढला.

"कडुबा, थांब."

"जोर मार! एका दमात जाऊ!"

"थांब म्हनतो!"

"अरे, गुडघ्याइतकं बी नाय! आज अडकलो तर दसरा गेला तुझा!"

धम्मपालनं ब्रेक दाबला. अर्धवट नाही, सगळ्या ताकदीनं. मागचं चाक चिखलात आडवं झालं, सायकल फिरली, आणि दोघं पुलाच्या तोंडाशी रस्त्यावर आदळले. पाण्याचा फेस कडुबाच्या चपलेपर्यंत येऊन मागं जात होता.

कडुबा उठला, कोपर सोलून निघालं होतं. "येडा झाला का तू? तुझ्यासाठी चाललोय ना मी? माझं काय हाय नागपुरात?"

धम्मपाल चिखलातच बसून होता. "तुला पूल दिसतोय का?"

"पानी दिसतंय, म्हनजे खाली पूलच असंल ना!"

"पूल दिसतोय का, ते सांग."

कडुबानं बघितलं. लाल पाणी एका काठावरून दुसऱ्या काठावर सपाट वाहत होतं. कठडा नव्हता, कड नव्हती.

"नाय दिसत," तो म्हणाला.

"मंग नाय जायचं. म्या एकदा न दिसता पुढं गेलोय."

कडुबानं सायकल उचलून सरळ केली आणि दोघं पायीपायी मागच्या गावात आले. मोतीराम नावाच्या एका म्हाताऱ्यानं त्यांना बुद्धविहारात जागा दिली. पाऊस पुन्हा सुरू झाला आणि दोन दिवस पडत राहिला. हायवेही तुंबलेला होता, मागं गेलं तरी उपयोग नव्हता. धम्मपाल विहाराच्या पायरीवर बसून आभाळाकडं बघायचा. आयुष्यभराचा नेम हातातून सुटत होता, आणि या वेळी शिफ्ट आडवी आली नव्हती, आजारपण आलं नव्हतं. ब्रेक त्यानंच दाबला होता. कडुबा घोंगडीत पाय दुमडून, त्याच्याशी एक शब्द न बोलता पडून असायचा. मोतीराम दोघांना एकाच परातीत भाकरी आणि पिठलं आणून द्यायचा. ते खाली मान घालून खायचे.

तिसऱ्या दिवशी सकाळी पाणी उतरलं. ते पुलाशी आले. पूल जसाच्या तसा होता. एक दगडसुद्धा हललेला नव्हता.

"बघ," कडुबा म्हणाला. "गेलो असतो."

"व्हय," धम्मपाल म्हणाला. "गेलो असतो."

कडुबानं हँडलला लागलेला वाळका चिखल नखानं काढला.

"परत फिरायचं का म्होरं?"

"म्होरं. उशिरा तर उशिरा."

"मंग बस."

दसरा त्यांना कारंजाच्या रस्त्यावर लागला. झेंडे लावलेल्या गाड्या दिवसभर त्यांना मागं टाकून नागपूरकडं पळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच गाड्या समोरून परत यायला लागल्या. धम्मपालला त्या येताना दिसायच्या आणि जवळ आल्या की नजरेतून गळून पडायच्या. राहायचा तो फक्त आवाज. "जयभीम!" उजवीकडून कुठून तरी. तो हात वर करायचा, आणि हळूहळू, त्याच्या पाठोपाठ, कडुबाही वर करायला लागला. वर्ध्याच्या पुढं कडुबाचा गुडघा सुजला. तो लपवायला बघत होता, पण पायडलाचा जोर कमी झाल्याचं धम्मपालला मागं कळलं. "सुलेखाला फोन लावू का?" म्हटल्यावर त्यानं कबूल केलं. उरलेली वाट धम्मपालनं जास्तीचा जोर मारला.

दीक्षाभूमीवर पोचले तेव्हा दसरा होऊन दोन दिवस झाले होते. गर्दी ओसरली होती. पुस्तकांचे स्टॉल आवरले जात होते, झाडूवाल्या बाया कागदी पेले गोळा करत होत्या. कडुबा फाटकाशीच घुटमळला.

"म्या आत आलो तर चालतं का?"

"चल की. चपला तिकडं काढायच्या."

घुमट धम्मपालच्या नजरेत एका वेळी मावेना. त्यानं डावीकडून सुरुवात केली आणि मान हळूहळू फिरवत, तुकड्या-तुकड्यानं, तो पूर्ण बघितला. छाती भरून येईल, असं त्याला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. मांड्या ठणकत होत्या, दोन दिवसांनी हुकलेला दसरा मनात सलत होता. मग तो गुडघ्यावर बसला, कपाळ फरशीला टेकवलं, आणि उठायला गेला तेव्हा त्याला उठता येईना. कडुबानं काखेत हात घालून त्याला उभं केलं. तेव्हा कुठं त्याला रडू आलं.

बाहेर सावलीत बसून त्यानं घरी फोन लावला.

"पोचलो."

पलीकडून सुलेखा म्हणाली, "थेंब घातले का?"

"घातले. कडुबानं घातले."

"आन् भाऊजी कसे हायेत?"

धम्मपालनं कडुबाकडं बघितलं. तो पाय लांब करून गुडघ्यावर बर्फाची पिशवी दाबत होता आणि नको नको म्हणून हात हलवत होता. "गुडघा सुजलाय त्याचा," धम्मपालनं सांगितलं.

"मंग दोन दिवस थांबा तिथं. मुक्कामाची सोय बघा आधी, दिवस मावळायच्या आत. घाई करू नका." मग तिनं विचारलं, "आन् परत कसं येणार?"

"बघू. गाडीत ही सायकल मावणार नाय, लई लांब हाय. अमरावतीकडनं रस्ता चांगला हाय म्हनतात. कडुबा म्हनतोय, त्यानं अमरावती बघितलेली नाय."